पाठलाग : एका शब्दाचा माग



आजचा विषय मी ठरवलेला नाही, तो मला एका विद्यार्थिनीने दिला. मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं संपली, लोक उठले, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, तेव्हा एक मुलगी थांबली होती. तालुक्याच्या गावाहून रोज एसटीने नगरला कॉलेजला येते. ती म्हणाली, "सर, तुम्ही नेहमी शब्दांचे अर्थ सांगता. स्टॉकिंगला मराठीत शब्द नाही का?" मी मास्तरकीच्या सवयीने लगेच उत्तर दिलं, "आहे की. पाठलाग." तर ती म्हणाली, "सर, पाठलाग पोलीस चोराचा करतात. एक मुलगा वर्षभर रोज माझ्या थांब्यावर उभा राहतो. मी ज्या गाडीत चढते त्याच गाडीत चढतो. नंबर कुठून मिळवला माहीत नाही, पण रोज मेसेज करतो. 'नको' म्हणून सांगितलं, तरी करतो. याला काय म्हणायचं? आईला सांगितलं तर म्हणते, दुर्लक्ष कर. मैत्रिणी म्हणतात, तुझ्या मागे लागलाय, आणि हसतात. मला हसू येत नाही."

खरं सांगतो, त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. पन्नास वर्षं तत्त्वज्ञान शिकलो आणि शिकवलं, पण तिच्या प्रश्नातली मेख घरी गेल्यावर लक्षात आली. ती फक्त शब्द मागत नव्हती. ज्या गोष्टीला नाव नसतं, तिची तक्रार कशी करायची, हा तिचा प्रश्न होता. तर आज आपण त्या नावाच्या शोधात निघू.

आधी इंग्रजी शब्द बघू, कारण तो आता आपल्या वर्तमानपत्रांत आलेलाच आहे. 'स्टॉक' हे क्रियापद, पायात घालायच्या स्टॉकिंगशी किंवा दुकानातल्या स्टॉकशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत चोरपावलांनी चालणे असा त्याचा अर्थ होता आणि चोरी या अर्थाच्या 'स्टील' या शब्दाशी त्याचं नातं आहे. म्हणजे हे चालणंच मुळात चोरीचं. पुढे तो शिकाऱ्यांचा शब्द झाला. हरणाला चाहूल लागू न देता, वाऱ्याची दिशा बघून, झुडपाआडून जवळ जवळ जायचं, ते स्टॉकिंग. माणसाने माणसाचा असा छळ करणे, हा अर्थ अगदी अलीकडचा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये त्याविरुद्ध पहिला कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी एका तरुण अभिनेत्रीचा तिच्या मागावर असलेल्या एका चाहत्याने खून केला होता. म्हणजे इंग्रजीलासुद्धा हा अर्थ आयता मिळालेला नव्हता. शिकारीचा शब्द त्यांनी उचलला आणि गुन्ह्याला लावला.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत या व्यवहाराला शब्दांची अजिबात टंचाई नाही. पाठलाग, माग, मागावर असणे, पाळत, टेहळणी, हेरणे, टपून बसणे, दबा धरणे, पिच्छा पुरवणे, मागे लागणे. मोजा! त्या मुलीला मात्र यातला एकही पुरेना. असं का झालं, ते एकेक शब्द उलगडून पाहू.

'पाठलाग' घ्या. माझ्या वयाच्या मंडळींना हा शब्द ऐकला की राजा परांजपे यांचा १९६४ चा चित्रपट आठवेल. शब्द दोन तुकड्यांचा आहे. पाठ म्हणजे पाठ, संस्कृतातलं पृष्ठ. आणि लाग हा लागणे या क्रियापदातला, त्याच्या मुळाशी लग् हा धातू आहे, चिकटणे. पाठीला चिकटणे तो पाठलाग. गंमत बघा, 'लग्न' हा शब्दही याच लग् धातूचा! (हशा.) हसू नका, त्यावर पुढे यायचंय. चिकटणं दोन्हीकडे आहे. एकीकडे दोन माणसं समोरासमोर बसून, चार लोकांच्या साक्षीने, अंतरपाट दूर झाल्यावर जोडली जातात. दुसरीकडे एकजण दुसऱ्याच्या पाठीला चिकटतो.

पाठ ही फार विचार करायला लावणारी जागा आहे. माणसाच्या शरीराचा हा असा भाग आहे, जो त्याला स्वतःला कधीच दिसत नाही. म्हणून तिथे कोण उभं आहे, याला महत्त्व येतं. मराठीने हे बरोबर ओळखलंय. आपल्याकडे पाठीमागे उभं राहणाऱ्याला दोन नावं आहेत. एक पाठराखण करणारा, दुसरा पाठलाग करणारा. पूर्वी नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण जायची, कुणी धाकटी बहीण, कुणी आजी. तीही त्या मुलीच्या मागेमागेच जायची की! अंतर तेच, जागा तीच, चालणंही तेच. मग फरक कशात? फरक असा की, पाठराखीण आहे हे नवरीला माहीत असतं आणि हवं असतं. तिला बरं वाटतं. पाठलागात हे दोन्ही नसतं. म्हणजे हा फरक बाहेरून, नुसतं बघून कळणारच नाही. तो जिच्या पाठीशी कुणी आहे, तिलाच विचारावा लागतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

दुसरा शब्द 'पाळत'. हा तर आणखी चमत्कारिक. पाळणे या क्रियापदापासून तो आला आणि पाळणे म्हणजे सांभाळणे. पालक, पालन, गोपाळ, सगळे एकाच घरातले. मग सांभाळण्यातून हेरगिरी कशी आली? तर सांभाळायचं म्हणजे नजर ठेवावी लागते. गुराखी गुरांवर नजर ठेवतो. हळूहळू सांभाळणं गळून पडलं आणि नजर तेवढी शिल्लक राहिली. मुलीच्या मोबाईलमध्ये तिला न सांगता बघणारा भाऊ "काळजीपोटी करतोय" म्हणतो. गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहणारा मुलगासुद्धा म्हणतो, "तिला कुणी त्रास देऊ नये म्हणून मी असतो." दोघंही पाळत या शब्दाचा जुना अर्थ तोंडाने सांगतात आणि नवा अर्थ हाताने करतात.

आता तिसरा शब्द, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. 'माग'. जनावराचा माग, चोराचा माग. आपल्या जिल्ह्यात माग काढणारे पटाईत लोक होते आणि आहेत. धुळीवरच्या ठशावरून जनावर केव्हा गेलं, भरल्या पोटी गेलं की उपाशी, हे ते सांगतात. माग आला संस्कृत मार्ग या शब्दावरून. आणि मार्ग कुठून? परंपरा सांगते, मृग या शब्दावरून. मृग म्हणजे आज आपण हरीण समजतो, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला गेलात तर काळवीट दिसतील, तेच. पण मुळात मृग म्हणजे कुठलंही रानातलं जनावर. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. जनावरं जाऊन जाऊन जी पायवाट पडते तो मार्ग. आणि त्या वाटेवरून शोधत जायचं ती मृगया, म्हणजे शिकार.

या मार्ग शब्दाची मराठीत किती पोरं झाली बघा. माग, मागे, मागून, मागोवा, आणि मागणे! हो, मागणे, म्हणजे याचना करणे, हेही त्याच घरातलं. संस्कृतात मार्ग हे क्रियापद म्हणूनही चालतं, त्याचा अर्थ शोधणे, धुंडाळणे. शोधता शोधता मराठीत त्याचं मागणे झालं.

म्हणजे एका मुळातून मराठीत दोन क्रिया निघाल्या. एक, मागावर असणे. दुसरी, मागणी घालणे. दोघांचीही सुरुवात सारखीच आहे, कुणीतरी हवंसं वाटतं. पण मागणी घालायला माणसाला समोर यावं लागतं. नाव सांगावं लागतं. आणि मागणी घालणाऱ्याला एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की समोरचा "नाही" म्हणू शकतो. मागणी या शब्दातच नकाराला जागा आहे. नकाराला जागा नसेल तर ती मागणी नव्हे, वसुली झाली. मागावर असणाऱ्याला मात्र समोर यावं लागत नाही, नाव सांगावं लागत नाही, आणि म्हणून त्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही. आणि म्हटलंच, तरी तो ते ऐकत नाही, कारण त्याने प्रश्न विचारलेलाच नसतो. जनावराला कुणी विचारतो का, तुझी शिकार करू का म्हणून?

इथे कुणी म्हणेल, सर, निसर्गातच हे आहे, बिबट्याही दबा धरतो. बिबट्याचं आपल्या जिल्ह्याला काय सांगायचं! अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात तो राहतोच. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागोजागी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी भरलेल्या, शेतीच्या भागात बिबटे आणि तरस कायम वस्ती करून राहतात, असं त्यातून दिसलं. रात्री ते घरांजवळून जातात आणि बहुतेक वेळा माणसाच्या वाटेला जात नाहीत. बिबट्या दबा धरतो, पण तो भूक लागली म्हणून. पोट भरलं की संपलं. तो त्याला प्रेम म्हणत नाही! आणि सावजाने नको म्हटलं तर काय करायचं, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण त्याच्याकडे भाषा नाही. आपल्याकडे आहे. म्हणून बिबट्याचा दाखला माणसाने देऊ नये.

आता जरा आकाशाकडे बघू. मृग नक्षत्र तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो. तेच नक्षत्र थंडीच्या दिवसांत संध्याकाळनंतर पूर्वेला उगवतं. मधोमध तीन तारे एका रेषेत, तो बाण. त्या रेषेने एका बाजूला गेलं की ठळक व्याधाचा तारा. दुसऱ्या बाजूला गेलं की तांबूस रोहिणी. उगवताना आधी रोहिणी, तिच्या मागून मृग, त्याच्या मागून व्याध. आपण सहसा एवढंच सांगतो की व्याध हरणाच्या मागे लागलाय. पण ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात याची जी कथा आहे, ती वेगळी आहे. त्यात प्रजापतीला स्वतःच्या मुलीचाच मोह झाला. ती हरिणी झाली, हा हरीण होऊन तिच्या मागे लागला. देवांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हा करू नये ते करतो आहे. पण प्रजापतीला शासन कोण करणार? तेव्हा देवांनी आपापली उग्र रूपं एकत्र करून एक देव निर्माण केला आणि त्याने बाण मारला. तो विद्ध झालेला हरीण म्हणजे मृग नक्षत्र, ती रोहिणी, आणि बाण मारणारा तो व्याध.

या कथेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, पाठलाग करणारा सगळ्यांत मोठा आहे, सृष्टीचा कर्ता आहे, तरी बघणाऱ्यांनी "जाऊ दे, मोठा आहे" म्हटलं नाही. दुसरी, ते म्हणाले नाहीत की तिने दुर्लक्ष करावं. तेव्हा कुणी म्हणालं की आपल्या परंपरेत हा गुन्हा नव्हताच, तर त्याला रात्री अंगणात नेऊन रोहिणी दाखवा. आणखी एक सांगतो. व्याधाच्या ताऱ्याला लुब्धक असंही म्हणतात. लुब्धक म्हणजे शिकारी आणि लुब्धक म्हणजे लोभी. भाषेने दोघांना एकाच नावात बसवलंय.

मग आपल्याकडे शब्द आहेत, कथा आहे, निवाडासुद्धा आहे. तरी त्या मुलीला शब्द का मिळेना? माझं उत्तर असं आहे. आपले हे जवळजवळ सगळे शब्द मागे जाणाऱ्याच्या बाजूने तयार झालेत. माग काढणारा, टपणारा, हेरणारा, दबा धरणारा, सगळीकडे कर्ता तो आहे. जिच्या मागे कुणी येतंय, तिला काय होतं, ते या शब्दांत नाही. तिची रात्रीची झोप जाते, ती रस्ता बदलते, कधी कॉलेज सोडते, हे कुठल्या शब्दात आहे?

त्यात आपण आणखी एक शब्द आणला, आणि त्याने फार नुकसान केलं. तो म्हणजे 'एकतर्फी प्रेम'. १९९० मध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील ही मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली होती. परीक्षा केंद्रात शिरून तिला जाळून मारण्यात आलं. सगळा महाराष्ट्र हादरला. २०२० च्या फेब्रुवारीत वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, सात दिवसांनी ती गेली. दोन घटनांत तीस वर्षांचं अंतर आहे. आणि दोन्ही वेळा कारण म्हणून एकच शब्दप्रयोग वापरला गेला, एकतर्फी प्रेमातून. अहो, प्रेम एकतर्फी असू शकतं, हे मी नाकारत नाही. पुष्कळ लोक मनात प्रेम करतात आणि गप्प राहतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण जे रोज थांब्यावर उभं राहतं, नको म्हटल्यावर मेसेज करतं, धमकी देतं आणि शेवटी काडी ओढतं, त्याचं नाव प्रेम नाही, एकतर्फीही नाही. त्याला पाठलाग म्हणायचं. जो शब्द गुन्ह्याला प्रेमाच्या घरात बसवतो, तो शब्द गुन्हेगाराची पाठराखण करतो.

हे मी दुसऱ्यांना शिकवतोय, तर माझंही सांगितलं पाहिजे. १९७० च्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होतो. आमच्या गटातला एकजण वर्गातल्या एका मुलीच्या मागे होता. आम्ही असंच म्हणायचो, 'मागे आहे'. ती ज्या रस्त्याने जायची त्या रस्त्याने तो सायकलवरून जायचा, आणि त्याच्यासोबत आम्ही. चिठ्ठी द्यायची तर कुणाच्या हाती द्यायची, तर मी अभ्यासू दिसायचो म्हणून माझ्या हाती. मी दोनदा दिली. दुसऱ्यांदा तिने चिठ्ठी न उघडता फाडली आणि माझ्याकडे बघितलं. मी मित्रांना येऊन सांगितलं, "रागावलीय, म्हणजे काम होणार." सगळे हसले. पुढच्या वर्षी ती कॉलेजात आली नाही. घरच्यांनी बंद केलं, असं कळलं. ती वर्गात पहिली यायची. आम्हाला वाटलं, लग्न ठरलं असेल. तिला आमच्यामुळे शिक्षण सोडावं लागलं असेल, हा विचार मला पन्नास वर्षांत कधी आला नाही. परवा त्या मुलीने "मला हसू येत नाही" म्हटलं, तेव्हा आला. मी स्वतःला फार सज्जन समजत होतो. मी फक्त चिठ्ठी दिली होती. पण शिकारीत हाकारे घालणारेही लागतातच ना!

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. मी वकील नाही, पण व्याख्या वाचणं हा माझा धंदा आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत ३५४ ड हे कलम घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ७८ आहे. त्याचं सार असं : स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवल्यानंतरही जो पुरुष तिच्या मागे जातो आणि जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करतो किंवा करायचा प्रयत्न करतो, तो गुन्हेगार. तसंच, ती इंटरनेट, ईमेल वगैरे कसं वापरते यावर जो नजर ठेवतो, तोही गुन्हेगार. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला या व्याख्येत काय दिसतं? तिचा कणा आहे, स्त्रीची नाराजी. रस्त्याने मागे चालणं हा गुन्हा नाही, रस्ता सगळ्यांचा आहे. संपर्क करणं हाही गुन्हा नाही. पण तिच्या "नको" नंतर तेच चालणं आणि तोच संपर्क वेगळी गोष्ट होते. मघाशी पाठराखण आणि पाठलाग यांतला फरक आपण कुणाला विचारायचा म्हटलं होतं? जिच्या पाठीशी कुणी आहे, तिला. कायदाही तिलाच विचारतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला होता की माणसाला कधी नुसतं साधन समजू नका, तो स्वतः साध्य आहे. साध्या मराठीत, समोरच्याला स्वतःचं मन आहे, हे विसरू नका.

या कायद्याला अपवादही आहेत. गुन्हा रोखण्याची जबाबदारी शासनाने ज्याच्यावर सोपवली आहे, त्याने त्यासाठी ठेवलेली नजर गुन्हा ठरत नाही. ते योग्यच आहे, पोलिसांना चोर पकडायचेत. पण सरकारी पाळतसुद्धा कशी वाट चुकते, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात राहणाऱ्या समाजाचं आहे. पारधी म्हणजे पारध करणारा, माग काढणारा. त्यांच्यातल्या काहींना गायपारधी म्हणत, कारण शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आड चालत ते सावजाच्या जवळ जात. इंग्रज सरकारने १८७१ पासून गुन्हेगार जमातींचे कायदे केले. जन्मानेच गुन्हेगार ठरवायचं, नावं नोंदवायची, हजेरी लावायची, हलायचं तर परवानगी घ्यायची. मागकाढ्यांच्याच मागावर सरकार लागलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की अजून पहिली नजर कुठे जाते, ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी काही केलेलं नाही, त्यांच्या पाठीला चिकटलेली नजर हासुद्धा पाठलागच आहे.

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. मी म्हणालो की जवळजवळ सगळे शब्द मागे जाणाऱ्याच्या बाजूचे आहेत. जवळजवळ म्हणालो, कारण एक अपवाद मला सापडला. तो शब्द आहे 'ससेमिरा'. माझ्यामागे ससेमिरा लागलाय, असं आपण म्हणतो. हा शब्द ज्याला त्रास होतो तो वापरतो. आणि याची कथा सिंहासनबत्तिशीच्या परंपरेत आहे. एक राजपुत्र शिकारीला गेला. रानात एकटा पडला, वाघ मागे लागला म्हणून झाडावर चढला. झाडावर अस्वल होतं. अस्वलाने त्याला अभय दिलं. आळीपाळीने झोपायचं ठरलं. राजपुत्र झोपला असताना वाघ अस्वलाला म्हणाला, त्याला ढकल. अस्वलाने ऐकलं नाही. मग अस्वल झोपलं, आणि वाघाच्या सांगण्यावरून राजपुत्राने त्याला ढकललं! अस्वलाने फांदी धरली, वाचलं, आणि शाप दिला. राजपुत्र वेडा झाला. एकच बडबड, स-से-मि-रा, स-से-मि-रा. शेवटी पडद्याआडून कुणीतरी चार श्लोक म्हटले, प्रत्येक श्लोक त्या एकेका अक्षराने सुरू होणारा, आणि त्यातले बहुतेक विश्वासघाताबद्दलचे. एकेक श्लोक ऐकला की एकेक अक्षर गळालं, आणि तो शुद्धीवर आला.

कथेत ससेमिरा लागतो तो दगा देणाऱ्याला. भाषेत मात्र तो लागला छळ सोसणाऱ्याला. व्यवहारातही असंच होतं, नाही का? करणारा मोकळा फिरतो, आणि झोप उडते जिच्या मागे तो लागला तिची. पण कथेतला उपाय लक्षात घ्या. मंत्र नाही, औषध नाही. जे घडलं ते उघड, अक्षराअक्षराने, चार लोकांसमोर बोललं गेलं.

तर बाळ, तू आज ऐकत असशील तर माझं उशिरा आलेलं उत्तर असं. शब्द आहे, पाठलाग. पोलीस चोराचा करतात त्यालाही म्हणतात, आणि तुझ्याबाबतीत होतंय त्यालाही म्हणतात. दुसरा सौम्य शब्द वापरू नकोस आणि कुणाला वापरू देऊ नकोस. 'नको' म्हणून तू सांगितलंस, तो मेसेज जपून ठेव, त्याचेही पुसू नकोस. तारखा लिहून ठेव. दुर्लक्ष कर, असं जे सांगतात, त्यांना हे व्याख्यान ऐकव. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तातडीची वेळ आली तर ११२ नंबर आहे. एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी बरोबर घे. कुणी नसेल तर मला सांग, मी येईन. म्हाताऱ्या माणसाला वेळ भरपूर असतो.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच सांगणं. कुणी आवडलं तर समोर जा आणि मागणी घाला. "नाही" ऐकू आलं तर घरी या. त्यात कमीपणा काहीच नाही. आणि मित्राने चिठ्ठी दिली, तर ती पोचवू नका.